मालक कुठेत?

माझ्या बायकोच्या मामांइतका तक्रारखोर जेवणारा अख्ख्या मावळ तालुक्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याचंही मामांशी पटणार नाही. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, लग्नाच्या भानगडीत न पडलेले हे मामा लोणावळ्याच्या बाजारात, माझ्या चष्म्याच्या दुकानासमोरच्या खानावळीत, बत्तीस वर्षं दुपारी बारा चाळीसला जेवायला बसले आणि एकदाही "छान" म्हणाले नाहीत. आमटी पातळ नसली तर घट्ट असायची. भात मोकळा असला तर ते त्याला कोरडा म्हणत आणि मऊ असला तर गिचका. एकदा त्यांनी भाकरी उजेडाकडे धरली, तिच्यातल्या भोकाला डोळा लावला आणि सगळ्या खानावळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आबा, इथून नागफणीचा डोंगर स्वच्छ दिसतो हो!"

आबा म्हणजे खानावळीचे मालक. कार्ल्याचे शेतकरी, खांद्यावर पंचा, आणि आवाज असा की गल्ल्यावरून बोलले तरी माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक दचकायचं. ते तिथूनच गरजायचे, "जमत नसंल तर घरी जेवा सायेब! मी काय बोलवाया आलतो व्हय?" त्यावर मामा शेवटचा घास संपवून, हात धुऊन, दारात थांबून बजावायचे, "उद्या पुन्हा हेच वाढलंत तर बघा!" मी दुकान नवीन टाकलं तेव्हा वर्षभर मला वाटत होतं की ह्या दोघांचं जुनं वैर आहे आणि एक ना एक दिवस हातघाईवर येणार.

मग एकदा मामा जेवायला आले नाहीत. एक वाजला तसे आबा गल्ला सोडून उठले, डबा भरला आणि भर उन्हात मामांच्या खोलीवर जाऊन थडकले. मामा तापाने फणफणले होते. "जेवाया का आला न्हाईत? माझा भात उरला, तो कुनी खायचा?" असं डाफरत त्यांनी मऊ भात कालवून दिला आणि मामा खाईस्तोवर उंबऱ्यात बसून राहिले. मामांनी त्या तापातही भातात मीठ कमी असल्याचं सांगितलं म्हणे. मला हे सांगताना मात्र त्यांचा चेहरा विलक्षण प्रसन्न होता.

ह्यातूनच मामांचा सिद्धांत तयार झाला होता. ज्या हॉटेलात मालक गल्ल्यावर दिसत नाही तिथे जेवू नये. एकदा पुण्याला जाताना मी त्यांना हमरस्त्यावरच्या एका चेनच्या हॉटेलात नेलं. गावोगावी शाखा, सगळीकडे एकच चव, सगळ्यांचे एकसारखे टीशर्ट. डोसा येताच मामांनी विचारलं, "मालक कुठेत?" मॅनेजर धावत आला, दोनदा सॉरी म्हणाला आणि गरम डोसा घेऊन आला. "डोसा नको, मालक पाहिजे," मामा म्हणाले. त्याने एक फोन नंबर दिला. मामांनी लावला. हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन दाबा असं एक बाई सांगू लागली. मामांनी एक दाबलं, दोन दाबलं, शेवटी फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "ह्यांचा मालक यंत्रात राहतो. आमटीत मीठ आहे की नाही, हे त्याला कधी कळायचं?"

गेल्या वर्षी आबांनी खानावळ बंद केली. कुणी वाईट वागलं नाही की कुणी फसवलं नाही. आबांचे गुडघे गेले, मुलांना त्या धुरात उभं राहायचं नव्हतं, आणि जागा भाड्याने मागायला एक बर्गरवाली चेन आलीच होती. शेवटच्या दिवशी मामा जेवले, हात धुतले, दारात थांबले. "उद्या..." म्हणाले, आणि पुढचं वाक्य काही त्यांना सुचेना. आबा तिकडे पाठ करून उगाचच गल्ला पुसत होते. मीही पटकन दुकानात शिरलो, कारण मला ते बघवेना.

मग मामा एकदा एसटीने कार्ल्याला आबांच्या घरी जाऊन आले. सुनेने चुलीवरची भाकरी केली, इंद्रायणी तांदळाचा भात केला. भात जरा गिचका झाला होता. मामांनी तो पाहिला, मामांनी पाहिला हे आबांनी पाहिलं. पण दुसऱ्याच्या घरच्या अन्नाला पाहुण्याने नावं कशी ठेवायची? "छान झालाय भात," मामा म्हणाले. "घ्या की आनखी, लाजू नगा," आबा म्हणाले. निघताना मात्र आबांनी त्यांना अंगणात बाजूला घेतलं आणि काळजीने विचारलं, "सायेब, तब्येत बरी न्हाई का तुमची?" मामा पुन्हा तिकडे गेले नाहीत.

ते बर्गरच्या दुकानात जाऊ लागले. खानावळीची जागा तीच, आणि बारा चाळीसला पाय तिकडेच वळायचे. काउंटरवरच्या मुलीने पहिल्या दिवशी त्यांचा मोबाइल नंबर विचारला, तेव्हा ते मनातून सुखावले होते. रोज ते काहीतरी खोट काढत, ती रोज "सॉरी काका" म्हणून बदलून देई. "भांडायला उभीच राहत नाही रे," ते हताशपणे म्हणत. मी हसायचो आणि काचा पुसायला लागायचो.

पावसाळा संपता संपता एका दुपारी मामा दुकानात आले आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. खूप वाळले होते. मेसेज होता: 'तुमची आठवण येते! बऱ्याच दिवसांत भेट नाही. एक बर्गर घ्या, दुसरा मोफत.'

"आठ दिवस तापाने पडून होतो," मामा म्हणाले. "कुणाला कळलं नाही. ह्यांना कळलं बघ. चल, दोन मिळतात. मी एकटा दोन कसे खाणार?"

माझं घर त्यांच्या खोलीपासून तिसऱ्या गल्लीत आहे. "मामा दिसले नाहीत हो," असं बायको दोनदा म्हणाली होती, आणि "असतील कुठेतरी," असं मी दोनदा म्हणालो होतो. लाज वाटली. दुकान तसंच टाकून मी त्यांच्याबरोबर गेलो.

मामांनी काउंटरवर मेसेज दाखवून विचारलं, "हा कुणी पाठवला?"

"आपोआप जातो काका. जे आठवडाभर येत नाहीत त्यांना सगळ्यांनाच जातो."

"सगळ्यांना?" मामांनी फोन खिशात ठेवला.

त्यांचं टेबल जिथे असायचं त्याच कोपऱ्यात आम्ही बसलो. एक घास खाऊन मामा हळूच म्हणाले, "पाव कोरडा आहे." ती मुलगी यायच्या आत, काय वाटलं कोण जाणे, मी आबांचा आवाज काढून ओरडलो, "जमत नसेल तर घरी जेवा मामा! मी काय बोलवायला आलो होतो का?" दुकानातली सगळी माणसं वळून बघू लागली. माझा आवाज मात्र शेवटी फाटला, कारण एवढ्या महिन्यांत मी खरोखरच त्यांना एकदाही बोलवायला गेलो नव्हतो.

"तुला नाही जमत रे," मामा म्हणाले. "आबा बोलायचे त्यात माफी नसायची."

दुसऱ्या दिवसापासून मी साडेबाराला दुकान बंद करतो आणि त्यांना घरी जेवायला घेऊन जातो. पहिले पंधरा दिवस ते पाहुण्यासारखे निमूट जेवले. मग एकदा "आमटी पातळ आहे" असं त्यांच्या तोंडून निसटलं, आणि सकाळपासूनच्या कामाने वैतागलेली बायको स्वयंपाकघरातून कडाडली, "मग उद्या तुम्ही करा! मला दोनच हात आहेत!" मामा ताठ झाले. जेवले, हात धुतले, दारात थांबले. "उद्या पुन्हा हेच वाढलंस तर बघ!" म्हणाले, आणि मग बराच वेळ तिथेच चपला शोधत राहिले. चपला पायातच होत्या.

तो मेसेज अजूनही दर आठवड्याला येतो. बंद करून देऊ का, असं मी परवा विचारलं. मामांनी थोडा विचार केला.

"राहू दे," ते म्हणाले. "एवढ्या सगळ्यांची आठवण काढतात. आठवण काढणाऱ्यांत आबाही असतील."