जर्मनीची सराव परीक्षा

चहा होईस्तोवर माझ्या शहाणपणाचा एक नमुना ऐकून घ्या. खुशाल हसा. माझी बहीण आठ महिने झाले अजून हसते आहे, तुमची भर पडल्यानं माझं आणखी काही बिघडणार नाही.

गोष्ट तशी साधी. माझी लेक माधवी जर्मनीत नोकरी करते. जावईबापूही तिथेच, मूळचे अहमदपूरचे. लेकीचं म्हणणं एवढंच, की बाबा आणि आक्काआत्या, तुम्ही दोघं या. चौघं मिळून गाडीनं दोन आठवडे जर्मनी हिंडू.

माझी बायको सुनंदा वारून तेव्हा दोन वर्षं झाली होती. दोन वर्षं लेक हेच म्हणत होती आणि दोन वर्षं मी 'बघू' म्हणत होतो. शेवटी तिनं आमंत्रणाचं पत्र पाठवलं, व्हिसा झाले, आणि मला नाही म्हणायला जागा उरली नाही. मग मी अट घातली. प्रवासाचं नियोजन मी करणार, आणि ते पक्कं झाल्याशिवाय तिकिटं काढायची नाहीत.

माधवी म्हणाली, "करा. फक्त रिअ‍ॅलिस्टिक करा, बाबा. झेपेल असं."

आता हे कुणाला सांगितलं? लातूरच्या माणसाला. त्यातही पंचवीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलेल्या आणि क्लासमधल्या सगळ्या सराव परीक्षांची वेळापत्रकं एकहाती केलेल्या माणसाला! भूकंपानंतरच्या वर्षांत आमच्या गावात घरं उभी राहिली त्याच्या दुप्पट वेगानं क्लासेस उभे राहिले. त्यातल्याच एकात माझं आयुष्य गेलं. पोरांनी किती वाजता उठायचं, किती मिनिटांत दात घासायचे, हे मी लिहून देत असे. पालक ते फ्रेम करून भिंतीवर लावत.

माझ्या पहिल्या आराखड्यात चौदा दिवसांत एकोणीस शहरं होती. उठणे पाच दहा. चहा पाच तीस. एका राजवाड्याला चाळीस मिनिटं, चर्चला पंचवीस. आठवड्यातून एक दिवस उजळणीचा, म्हणजे आधी पाहिलेलं पुन्हा बघायचं. माधवीनं तो वाचला आणि फोनवर विचारलं, की बाबा, दात घासायला किती मिनिटं ठेवलीत?

मग अकरा शहरं केली. मग सहा. सहावर ती म्हणाली, "आता बरंय. काढू का तिकिटं?"

मी म्हणालो, थांब.

कारण कागदावर सगळंच झेपतं हो! झेपतं की नाही हे कशावरून कळतं? सराव परीक्षेवरून. सरावाशिवाय मी एकाही पोराला मुख्य परीक्षेला बसू दिलेलं नाही. मग आक्काला आणि स्वतःला कसं बसवणार?

म्हणून मी ठरवलं, की आधी जर्मनीचा सराव मराठवाड्यात करायचा.

नांदेडला माझा जुना मित्र आहे, रशीदभाई. वडिलांच्या काळापासून त्यांचा गाड्यांचा धंदा. त्यांना मी दोन रकाने केलेला कागद दाखवला. डावीकडे जर्मनीतलं गाव, उजवीकडे त्याच्या जागी आपलं. लातूर ते नांदेड हा विमानप्रवास. नांदेड म्हणजे फ्रँकफर्ट. मुदखेड म्हणजे हायडलबर्ग. भोकर म्हणजे बव्हेरियातलं म्युनिक.

रशीदभाईंनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "सर, लातूर-नांदेड चार घंट्याचा रास्ता हाय. तुम्ही नऊ लिवले."

"विमानाला नऊ लागतात. उदगीर, देगलूर करत हळूहळू घ्या. मधे कुणी उतरायचं नाही."

"आणि पाय मोकळे करायचे असले तर?"

"गाडीतल्या गाडीत."

त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. फार दिवसांच्या ओळखीत माणूस असं बरंच काही खिशात ठेवतो.

आक्काला तयारीला चार मिनिटं लागली. ती शिरूर अनंतपाळची. सुनंदा गेल्यावर माझ्याकडे राहायला आली. भूकंपाच्या वेळी तिच्या घराची मागची भिंत गेली, तेव्हापासून ती उशाशी एक पिशवी भरून ठेवते. दोन लुगडी, बॅटरी, कागदपत्रं, बिस्किटाचा पुडा. एवढ्या वर्षांत पुडे बदलले, पिशवी तिथेच. ती म्हणाली, "खरं जायचं न्हाई, तर मग बॅगा कशाला?"

मी म्हणालो, वजनाचाही सराव हवा. मोठ्या दोन बॅगा मी रात्रीच भरून, वजनकाट्यावर तोलून ठेवल्या होत्या. पासपोर्टसुद्धा खिशात घेतले. अर्धवट सराव हा सराव नव्हे, हे वाक्य मी वर्गात किती वेळा बोललो असेन!

पहाटे पाचला रशीदभाईंची गाडी दारात. मी बॅगा ओढत बाहेर आणल्या, आणि चुकलो.

आमच्या गल्लीला एक सवय आहे. पहाटे कुणी सामान बाहेर काढतंय असा आवाज आला की अख्खी गल्ली जागी होऊन दाराबाहेर येते. भूकंपानं लावलेली सवय, ती काही सुटत नाही. सगळ्यात आधी आल्या शेजारच्या बिराजदार वहिनी. त्यांनी बॅगा पाहिल्या, आक्काच्या पायातले नवे बूट पाहिले, आणि आतल्या दिशेनं हाक मारली, "अहो, सर निघाले जर्मनीला."

पुढची पंधरा मिनिटं माझ्या हातात नव्हती. वहिनींनी आक्काची ओटी भरली. समोरच्या जोशींनी देवापुढचा हार काढून माझ्या गळ्यात घातला. पहाटेच्या बॅचची पोरं सायकली लावून ओळीनं पाया पडली. क्लासच्या संचालकांना कुणीतरी फोन केला असावा. ते पायजम्यावरच शाल आणि नारळ घेऊन आले. वहिनींचा भाचा जर्मनीत असतो, त्याच्यासाठी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आला. डबा दिला म्हणून आणखी दोघांनी लोणचं आणलं.

तुम्ही म्हणाल, एवढं होईपर्यंत तुमच्या तोंडाला काय झालं होतं? सांगायचं, की मी मुदखेडला चाललोय.

सांगणार होतो हो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात वहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "दोन वर्षं तुमच्याकडं बघवत न्हवतं, सर. आज बरं वाटलं. सुनंदाताई असत्या तर पुढच्या सीटवर बसल्या असत्या."

यावर 'मी मुदखेडला चाललोय' असं कोण म्हणू शकेल? मी नमस्कार केला आणि गाडीत बसलो. पुढच्या सीटवर नारळ ठेवला.

विमानात फोन बंद ठेवतात, म्हणून मी फोन बंद केला. नऊ तास. उदगीर गेलं, देगलूर गेलं. आक्का मांडीवर डबा घेऊन जेवली. मधेच तिनं विचारलं, की आता आपण कोण्या देशावरून उडायलोत? मी विमानाच्या मार्गाचा कागद बघून म्हणालो, इराण. "मग हितं लई तुरी दिसत्यात," म्हणाली.

नांदेडला उतरल्यावर इमिग्रेशनची रांग म्हणून एक तास रशीदभाईंच्या अंगणात उभं राहायचं होतं. त्या रांगेत मी एकटाच उभा होतो. आक्का सरळ आत जाऊन रशीदभाईंच्या घरच्यांबरोबर चहा घेत बसली. पुढे मुदखेडला, म्हणजे हायडलबर्गला, रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. गाडी थांबली. मी फोन चालू केला.

माधवीचे सतरा फोन येऊन गेले होते. अठरावा तेवढ्यात आला.

"बाबा, कुठपर्यंत आलात? हैदराबाद की मुंबई? सकाळी बिराजदार काकूंचा फोन आला. मला न सांगता तिकिटं काढलीत? मला खरंच वाटत नव्हतं." तिचा आवाज इतका हलका मी फार दिवसांत ऐकला नव्हता. ती थांबेचना. साहेबांच्या मागे लागून उद्यापासून चौदा दिवसांची रजा मंजूर करून घेतली होती. ऑफिसातल्या दुसऱ्या एका मुलीनं तिच्यासाठी स्वतःची रजा मागे घेतली होती. गाडी सांगून झाली होती. जावईबापू तांदूळ आणायला गेले होते.

मी म्हणालो, "माधवी, मी मुदखेडला आहे."

"मुदखेडला कशाला?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, इराणसुद्धा. मालगाडी जात होती, तिचे डबे संपेचनात, त्यामुळे मला दोनदा सांगावं लागलं.

ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. म्हणाली, "ही रजा गेली तर वर्षभर दुसरी नाही, बाबा. व्हिसाही संपेल तोवर."

मी म्हणालो, "पण सराव अजून व्हायचाय. भोकर राहिलंय."

मग ती जे बोलली ते अगदी हळू बोलली. "बारावीत तुम्ही माझ्याकडून एक्केचाळीस सराव परीक्षा करून घेतल्या. आई गेली, तेव्हा कुठला सराव झाला होता आपला?"

फाटक उघडलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, तरी रशीदभाईंनी गाडी हलवली नाही. फोन स्पीकरवर होता, सगळ्यांनी ऐकलं होतं.

पहिली बोलली आक्का. "बॅगा गाडीत हायेत. पासपोर्ट तुझ्या खिशात हाय. आडलंय कुठं, ते तरी सांग."

मी म्हणालो, आडलंय असं काही नाही.

"हाव. सांगता येत न्हाई तर मग चल."

रशीदभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "सर, भोकरवरून सीधा निर्मल, निर्मलवरून हैदराबाद. तुमचं म्युनिक बी रस्त्यातच हाय."

तिकडे माधवी तिकिटं शोधायला लागलीही होती. भोकर मी खिडकीतून पाहिलं. नियोजनात त्याला तीन तास होते. सात मिनिटांत संपलं.

निर्मलच्या पुढे एका धाब्यावर थांबलो. आक्का म्हणाली, कपडे तरी नीट लावून घे. बॅग उघडायची वेळ आली तेव्हा मला खरं सांगणं भाग पडलं. दोन्ही बॅगांत कपडे नव्हतेच. वजन भरण्यासाठी मी मागच्या सहा वर्षांच्या सराव परीक्षांच्या प्रश्नपत्रिका ठेवल्या होत्या. गठ्ठे करून, सुतळीनं बांधून, वर्षवार.

आक्कानं गठ्ठ्यांकडे पाहिलं, मग आपल्या उशाच्या पिशवीकडे पाहिलं. रशीदभाई गठ्ठे डिकीत रचताना म्हणाले, की नातवाला सायन्सला घालायचं मनात होतं, आता घालत नाही.

अशा रीतीनं मी युरोपात गेलो. अंगावरचा शर्ट, सत्काराची शाल, एक चटणी आणि दोन लोणची.

फ्रँकफर्टला पासपोर्टच्या खिडकीपाशी आक्का माझ्यापुढे होती. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नाही. आत बसलेल्या तरुण साहेबानं काहीतरी विचारलं. तिनं पिशवीतून माधवीचं पत्र काढून काचेला लावलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "लेकीकडं आलेय." त्यानं पत्र बघितलं, तिच्याकडं बघितलं, शिक्का मारला. एक मिनिटही लागलं नसेल.

मग मी. कुठं कुठं जाणार, त्यानं विचारलं. ह्या प्रश्नाची तर मी वाटच बघत होतो. मोठ्या आत्मविश्वासानं खिशातला कागद पुढे केला. दोन रकान्यांचा तो कागद हैदराबादला रशीदभाईंकडेच राहिला होता. मी दिला तो फक्त उजव्या रकान्याचा, म्हणजे नांदेड, मुदखेड, भोकर, आक्कासाठी सुटसुटीत म्हणून इंग्रजीत टाइप करून घेतलेला. कशाला इंग्रजीत, ते विचारू नका. सरावात सगळं खऱ्यासारखं हवं होतं.

साहेबानं कागद वाचला. कॉम्प्युटरवर काहीतरी टाइप केलं. पुन्हा टाइप केलं. मग दुसऱ्या साहेबाला बोलावलं, आणि मला बाजूच्या खुर्चीवर बसवलं.

चाळीस मिनिटं मी तिथं होतो. तेवढ्यात आक्का बाहेर गेली, लेकीच्या गळ्यात पडली, दोघींचं रडून झालं, चहाही झाला. इकडं ते दोघं भिंतीवरच्या जर्मनीच्या नकाशावर बोट फिरवत होते. अखेर मोठा साहेब माझ्याकडं आला आणि फार अदबीनं विचारलं, की हे भोकर बव्हेरियात येतं का?

आणि तुमच्याशी खोटं कशाला बोलू? क्षणभर मी हो म्हणणार होतो.