रोज उपासाचं खाणारी पाहुणी

आधीच सांगते, माझं शुद्धलेखन कच्चं आहे. चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे कुठली वेलांटी कुठे द्यायची हे शिकायचं राहूनच गेलं. अक्षर तर असं, की मी चिठ्ठी लिहिली तर दूधवाला ती आधी उलटी धरून बघतो. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. तरी चुकून कोणाच्या हाती लागली तर चुका पोटात घाला.

मी सीवूड्सला स्वयंपाकाची कामं करते. मला बोलायला जमत नाही. मीठ संपलं तर मी रिकामी बरणी ओट्यावर मधोमध ठेवते, पण तोंड उघडत नाही. म्हणूनच बहुतेक एजंटने मला त्या घरी पाठवलं. म्हणाला, "मावशी, तिथे कोणाला मराठी येत नाही, हिंदी येत नाही. तुमच्यासाठी एकदम बेस्ट."

भाड्याच्या फ्लॅटमध्ये दोघीच होत्या, म्हातारी आई आणि चाळिशीची लेक. गॅबॉन नावाच्या देशातून म्हातारीच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या. मी हे नाव कधी ऐकलं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तर तो हसायलाच लागला. तो पावणे एमआयडीसीत फर्निचरच्या कारखान्यात आहे. "अगं, गबून! प्लायवूडचा वरचा पातळ पापुद्रा असतो ना, लालसर, तो तिकडच्याच झाडाचा. आपलं कपाट कशाचं आहे मग?" म्हणजे तो देश इतकी वर्षं माझ्या साड्या सांभाळत उभा होता आणि मला पत्ता नाही.

लेक फ्रेंच बोलायची आणि तिचा फोन त्याचं मराठी करून बोलायचा. पण त्या फोनचं मराठी म्हणजे टीव्हीवरच्या बातम्या. पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला, "नमस्कार महोदया. माझी आई अन्न ग्रहण करत नाही. वजन वाढल्याशिवाय डॉक्टर शस्त्रक्रिया करणार नाहीत."

मला घाम फुटला. एक तर मला महोदया कोणी म्हटलं नव्हतं. आणि दुसरं, म्हातारीकडे बघितल्यावर कळत होतं की ऑपरेशन न होता ती परत गेली तर फार दिवस काढणार नाही. खांद्याची हाडं वर आलेली. कमरेला रंगीत फुलांचं कापड गुंडाळलेलं, ते पण सारखं घसरायचं.

मी वरणभात केला, मुगाची खिचडी केली. ती घास घ्यायची आणि तोंड फिरवायची. चपाती तिने उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली, घडी घातली आणि रुमाल ठेवावा तशी ताटाशेजारी ठेवली.

त्यात मी एक घोटाळा केला. त्यांच्या बॅगेतून एक तपकिरी वडी निघाली. मला वाटलं कपड्यांचा साबण. मी ती न्हाणीघरात ठेवली आणि ओट्यावरचं फडकं त्या वडीनेच धुवायला घेतलं. फेस येईना, म्हणून अजून जोरात घासलं. लेक धावत आली, डोक्याला हात लावला आणि फोन म्हणाला, "ही रानआंब्याच्या बियांची वडी आहे. कृपया ती स्वयंपाकघरात परत आणावी." ती वडी किसून त्या माशाचं कालवण करतात. पलंगावर म्हातारी हसून हसून खोकत होती. इतके दिवस तिचं हसू मी पाहिलं नव्हतं, त्यामुळे लाज वाटली तरी बरं वाटलं. वडीवर माझ्या फडक्याचे धागे लागले होते. मी ते वेचून काढले आणि कालवण केलं. म्हातारी वाटीभर रस्सा प्यायली, पण भाताला तिने हात लावला नाही.

मग संकष्टी आली. मी माझ्यापुरती साबुदाण्याची खिचडी डब्यात नेली होती. दुपारी कोपऱ्यात बसून खात होते. म्हातारी भिंत धरून आली, माझ्या डब्यात बोटं घातली, चार दाणे तोंडात टाकले आणि डोळे मिटून चावत राहिली. मग लेकीशी भराभर बोलली. फोन म्हणाला, "आई म्हणते, हे आमच्या शेतातले आहे. परंतु याचे मणी कोणी केले?"

लेकीने फोनवर एका कंदाचा फोटो दाखवला. तो मी पाहिला होता. स्टेशनजवळच्या केरळी दुकानात लाकडाच्या ओंडक्यासारखे पडलेले असतात, कप्पा म्हणतात. त्याच कंदाचा आपला साबुदाणा होतो. त्यांच्याकडे तो सकाळ-संध्याकाळ खातात, आपण भात खातो तसा.

हे मी घरी येऊन आमच्या काकींना सांगितलं. काकी म्हणजे आमच्या चाळीची मालकीण, इथल्याच जुन्या गावातली, आणि आमच्या बायकांच्या भिशीची प्रमुख.

"काय गो, रोज उपासाचं खाते ती?" काकी म्हणाल्या. "मंग पुन्य किती साठलं आसंल तिचं! थोडं आमाला दे म्हनाव."

मी दुकानात जाऊन बोट दाखवून कप्पा आणला. म्हातारी पलंगावरून हुकूम सोडायची, लेक आणि मी करायचो. साल काढून कंद बादलीत पाण्यात भिजत ठेवायचे, चांगले मऊ होऊन आंबेपर्यंत. तिसऱ्या दिवशी असा वास सुटला की मी पदर नाकाला लावला. चौथ्या दिवशी बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी आणि प्लंबर.

"खालून कम्प्लेंट आहे. तुमचं ड्रेनेज चोक झालंय."

प्लंबरने न्हाणीघराची जाळी उघडली, हात घालून पाहिलं. "साहेब, लाइन तर क्लीन आहे."

"मग वास कुठून येतोय?"

मी बादलीपुढे पदर पसरून उभी. एवढ्यात म्हातारी आली, मला बाजूला सारलं आणि "म्बोलो!" म्हणून बादलीकडे बोट दाखवलं. म्बोलो म्हणजे त्यांचा नमस्कार. सेक्रेटरी दोन पावलं मागे गेले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. बोलणं भाग होतं.

"साबुदाणा आहे साहेब," मी म्हटलं. "ओला."

"साबुदाण्याला असला वास?"

"साहेब, आंबवलेलं काही पण वास मारतंच," प्लंबर हात पुसत म्हणाला. "तुमच्याकडचं इडलीचं पीठ परवा उतू गेलं तेव्हा मीच आलो होतो."

मग मी सांगितलं की म्हातारी दुसरं काही खात नाही, आणि खाल्लं नाही तर ऑपरेशन होणार नाही. माझ्या आयुष्यातलं एका दमात केलेलं ते सगळ्यात मोठं भाषण असेल. सेक्रेटरी म्हातारीच्या खांद्यांकडे बघत राहिले. म्हणाले, "झाकण लावा. आणि लवकर खायला घाला."

आम्ही तो कंद वाटला, मळला, केळीच्या पानात लांब लांब गुंडाळला, दोऱ्याने बांधला आणि उकडला. आपल्या पातोळ्यांचा थोरला भाऊच. गार झाल्यावर म्हातारीने पान सोडलं, वास घेतला, त्या कालवणात बुडवून खाल्लं. एक संपलं. तिने दुसऱ्याला हात घातला. लेक खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि मी उगाचच भांडी घासायला घेतली. घासलेलीच घासली.

पोटात अन्न जायला लागल्यावर म्हातारी बोलकी झाली. जेवल्यावर मला शेजारी बसवून लेकीच्या फोनवर देश दाखवायची. इतकं रान की वरून बघितलं तर कोथिंबिरीच्या जुड्या अंथरल्यासारखं. पाणघोडे समुद्राच्या लाटांत डुंबतात. मला वाटलं सिनेमातलं असेल. मग रानातून हत्ती निघाला आणि थेट वाळूवरून समुद्राकडे चालत गेला. मी आपसूक हात जोडले.

म्हातारीने माझ्या हातांवर चापटी मारली. फोन म्हणाला, "या चोराला नमस्कार करू नका. याने आमचे शेत दोनदा खाल्ले."

मी दारावरच्या गणपतीच्या फरशीकडे बोट दाखवलं. म्हातारी जवळ जाऊन बराच वेळ बघत राहिली. "आई विचारते, याच्या हातात काय आहे?"

"मोदक," मी म्हटलं.

"आई म्हणते, वाटलेच होते. खाताना सापडला."

मी मनातल्या मनात बाप्पाची माफी मागितली. पण हसू काही आवरेना.

वजन वाढायला लागलं होतं, आणि नेमकं तेव्हा त्यांच्या बँकेने कार्ड बंद केलं. ऑपरेशनचे पैसे आधीच भरलेले होते, पण रोजचा मासा, कप्पा, औषधं कुठून आणायची? लेक रात्रंदिवस फोनवर. तिचा मामा, म्हणजे म्हातारीचा भाऊ, तिकडून ओरडायचा. त्यांच्यात घरातलं मोठं काही ठरवायचं तर मामाचा शब्द लागतो. आपला मामा लग्नात नवरीमागे उभा राहिला की सुटला. मामा म्हणाला, खर्च झेपत नसेल तर आईला परत आणा.

त्याच महिन्यात माझा भिशीचा नंबर लागला होता. मिक्सर घ्यायचा होता. मी पैसे आणून ओट्यावर मधोमध ठेवले. लेक घेईना. "ही रक्कम कोठून आली?" फोनने विचारलं. भिशी म्हटलं तर फोन काहीतरी भलतंच बोलला. मग मी जमिनीवर वाट्या गोल मांडल्या, सगळ्यांत थोडे तांदूळ टाकले, सगळे एका वाटीत ओतले. परत भरले, पुढच्या वाटीत ओतले. म्हातारीने टाळी वाजवली. "तोंतीन!"

तोंतीन म्हणजे त्यांची भिशी. ती गावच्या बाजारात धुरी दिलेले मासे विकते आणि तिथल्या बायकांची भिशी तीच चालवते.

"आई विचारते, जी पैसे बुडवते तिचे तुम्ही काय करता?"

"आमच्या काकी तिच्या दारात जाऊन बसतात."

"आई म्हणते, आमच्याकडे मी बसते."

तेव्हा कुठे लेकीने पैसे घेतले. काकींना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "आनि नाय दिले तर मी कोनाच्या दारात बसू? इमानानं जाऊ?"

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी तारीख दिली. ऑपरेशन नीट झालं. म्हातारी घरी आली तेव्हा चिडकी झाली होती आणि कालवणात मीठ कमी आहे म्हणत होती. मला फार आनंद झाला.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. तिकडच्या बाजारातल्या बायकांनी म्हातारीचा नंबर नसताना तिला भिशी देऊन टाकली होती, ते पैसे आले होते. काकी माझ्या सोबतीला म्हणून आल्या. मी नको म्हटलं होतं. दोघी म्हाताऱ्या समोरासमोर बसल्या. पाहुणीने अंगठा जिभेला लावून नोटा मोजल्या आणि माझ्या हातात दिल्या. मी न मोजताच पर्समध्ये ठेवायला गेले, तर दोघी एकदमच माझ्यावर ओरडल्या, एक त्यांच्या भाषेत, एक आमच्या. काकींनी नोटा घेतल्या, अंगठा जिभेला लावला आणि सावकाश मोजल्या.

"पुरे हाय," काकी म्हणाल्या. "सगलं फिटलं."