पुरवठादार स्ट्रेचरवर

माझ्या बायकोच्या मामांशी घासाघीस करून जिंकलेला माणूस धुळे-जळगावात अजून जन्माला यायचाय. मामा धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत खरेदी बघायचे. खुर्च्यांचा नमुना आला की हे आधी त्यावर धपकन बसून बघणार. रेनकोट आला की तो चढवून नळाखाली उभे राहणार आणि तसेच निथळत साहेबांसमोर जाऊन सांगणार, "गळस!" भाव ठरेपर्यंत पुरवठादाराला चहासुद्धा नाही. आणि घरी? भरताची वांगी भाजीवाली म्हणेल त्या भावात! मामी करवादल्या की मामा म्हणत, "हाऊ पैसा मना शे, बुडना तं मना बुडना. तो कचेरीना पैसा बठ्ठासना शे!" बठ्ठासना म्हणजे सगळ्यांचा.

एका वर्षी साक्रीकडच्या डोंगरपाड्यांसाठी स्ट्रेचर घ्यायचे होते. पावसाळ्यात तिथली वाट बंद होते, अडलेल्या बाईला माणसांनी उचलूनच खाली आणावं लागतं. निविदेला एकच पुरवठादार आलेला, मृग तोंडावर; म्हणून साहेबांनी मामांना थेट बोलणी करायला सांगितली. शेठ चांगले गलेलठ्ठ, त्यांचा नमुना मात्र किडकिडीत, आणि भाव काही उतरेना. मामा म्हणाले, "चला, बोलणी पाड्यावर करू." मीही हौसेनं निघालो. चढणीनं धापा टाकणाऱ्या शेठना मामांनी प्रेमानं त्यांच्याच नमुन्यावर निजवलं, चार गडी लावले आणि वरात उताराला लागली. पहिल्याच वळणावर कापड टर्रकन उसवलं.

"अहो, खाली ठेवा!" शेठ ओरडले.

"भाऊ, अडेल बाईनी हाई कोणले सांगानं?" मामांनी शांतपणे विचारलं.

सौदा आडव्यानंच ठरला: भाव तोच, पण जाड कापड, दुहेरी शिवण, मजबूत दांडे आणि पावसाआधी पोच. खाली आल्यावर मामांनी त्यांना स्वतःच्या खर्चानं चहा पाजला, वर भजीही.

मामा आता निवृत्त आहेत. बोलणी हल्ली व्हिडिओ कॉलवर होतात म्हणे. तिथे कुणाला कसं निजवणार? मला मात्र त्या वर्षीचा श्रावण आठवतो. झड लागलेली, आणि वरच्या पाड्यावरची एक बाई त्या नव्या स्ट्रेचरवरून सुखरूप खाली आली, बाळंत झाली. कळताच मामा मला घेऊन दवाखान्यात गेले. सगळे बाळाभोवती, आणि हे व्हरांड्यात, भिंतीला टेकवलेल्या ओल्या स्ट्रेचरवरून बोट फिरवत उभे.

"मामा, बाळ तरी बघा की!"

त्यांनी बाहीनं डोळे पुसले. "बाळले बठ्ठा देखतीन रे," ते म्हणाले, "हाई शिवण कोन देखी?"