तळमजल्यावरचा दादा

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत तेव्हा निम्म्या घरांतली मुलं सॉफ्टवेअरमध्ये होती आणि उरलेल्यांना आपल्या मुली सॉफ्टवेअरवाल्यांना द्यायच्या होत्या. मी उरलेल्यांत. त्याच सुमारास एका संस्थेने तळमजल्यावरचा फ्लॅट भाड्याने घेतला. स्किझोफ्रेनियातून सावरणारी चार माणसं आणि देखरेखीला एक मावशी. स्वयंपाक, झाडलोट, गोळ्यांच्या वेळा, सगळं त्यांनीच मिळून सांभाळायचं. त्या चौघांतला एक माझा सख्खा मोठा भाऊ. फ्लॅट मीच सुचवला होता, दादा जवळ राहावा म्हणून. आणि "मुलीचं लग्न ठरेपर्यंत ओळख दाखवू नकोस," असं त्याला बजावलंही मीच. असं माझं बंधुप्रेम!

जिन्यात भेटला की तो मला "नमस्कार साहेब" म्हणायचा. मी नुसती मान हलवायचो.

वर्षाच्या आत तो फ्लॅट रिकामा करून घ्यायचा विषय सोसायटीच्या सभेत आला. चौथ्या मजल्यावरची आयटीतली पोरं भर दुपारी दोन वाजता गाणी लावायची, पण त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ती शिकलेली होती ना! दादाही एम.एस्सी. होता, पण सांगणार कोण? या चौघांविरुद्ध तक्रार एकच, की हे फारच शांत असतात.

त्यांच्या घरात दर रविवारी बैठक व्हायची. बोलायचं असेल त्याने हात वर करायचा, इतरांनी ऐकून घ्यायचं. दादा तीच शिस्त घेऊन सभेला आला. सगळे एकदम बोलत होते आणि हा पाऊण तास हात वर करून उभा. शेवटी अध्यक्ष वैतागले.

"अहो, बोला एकदाचे! तुमची जबाबदारी घेणारं आहे का इथे कोणी?"

दादा अडखळला. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही. तेवढा वेडेपणा त्याच्यात पहिल्यापासूनच होता.

"आहे," तो म्हणाला. "पण आत्ता सांगता येत नाही. पुतणीचं लग्न ठरायचंय."

सभेत पहिल्यांदाच शांतता पसरली. मी गप्प राहिलो तर चौघांचं बिऱ्हाड उठणार, हे मला कळत होतं. तरी मी बसूनच राहिलो, तेही सांगून टाकतो. मग कोणीतरी हसलं, आणि मी उठलो.

"हा माझा थोरला भाऊ. जबाबदारी माझी."

अध्यक्षांनी घसा खाकरून विषय पुढे ढकलला. दादा मात्र खुर्च्यांमधून वाट काढत माझ्याकडे आला, माझा हात घट्ट धरला आणि आनंदाने विचारलं, "ठरलं होय रे लग्न?"