मामाचं भोकाचं पान

आमच्या मामाइतका दुसऱ्यांच्या वाचनावर अविश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नसेल. तिसगावच्या बोर्डाच्या शाळेत तो हेडमास्तर होता. लढाईचे दिवस, रॉकेल मिळेना, धान्यावर कंट्रोल. पण मामाला एकच काळजी, कोण खरं वाचतो आणि कोण नुसतं म्हणतो. त्याच्या कोटाच्या खिशात वडाचं एक पान असे, मधोमध एका शब्दापुरतं भोक पाडलेलं. ते पुस्तकावर ठेवून तो वाटेल तो शब्द उघडा करी आणि म्हणे, "हं, वाच!" एका लग्नात त्याने नवरदेवाला त्याचीच पत्रिका अशी वाचायला लावली होती. मी सुट्टीत गेलो की पाय धुवायच्या आधी परीक्षा.

त्याच्या शाळेत मुलं इयत्तेप्रमाणे बसत नसत. जिथे अडखळत, तिथे बसत. काना-मात्रांची एक रांग, जोडाक्षरांची दुसरी, आणि ज्या रांगेचं जे अडलं तेच तिला शिकवायचं. चौथीतला मिसरूड फुटलेला गडी बिगरीतल्या पोरांशेजारी पाहून त्याचा बाप भडकला. "मास्तर, आमचं पोरगं समदं बुक धडाधडा म्हनतंय की! त्याला हितं का बशिवलं?"

"म्हणतंय," मामा म्हणाला, "वाचत नाही."

पानाच्या तावडीतून एकटी मामी सुटली होती. ती रोज सकाळी पोथी उघडून एका दमात अध्याय वाचायची, आणि मामा मुकाट्याने ऐकायचा.

मामाला तिथे वर्षही झालं नव्हतं आणि शाळाखात्याचे डिपोटी साहेब तपासणीला आले. चौथी नापास झाली तर हेडमास्तरची बदली, असं आधीच बजावलेलं. पोरांना पुस्तक तोंडपाठ होतं, साहेबांना जेवायची घाई होती. पहिला मुलगा सुसाट सुटला, साहेब मान डोलावू लागले, आणि आमच्या या शहाण्याने आपणहून पान पुढे केलं. "साहेब, यातून वाचू द्या." निम्मा वर्ग मुका झाला. "आता कळलं ना, कुणाला काय शिकवायचं ते?" मामा उत्साहाने म्हणाला. साहेबांना काही कळलं नाही. बदली झाली ती पार पूर्वेकडच्या एका कोरड्या गावी, आणि तिथे विषमज्वरात मामा गेला. घटकाभर गप्प बसला असता तर, असं वाटून मला अजून त्याचा राग येतो.

तेराव्यानंतर मामी ओसरीवर पोथी घेऊन बसली. अध्याय ऐकू येईना म्हणून मी जवळ गेलो. पोथीवर वडाचं वाळलेलं पान होतं आणि भोकावर तिचं बोट.

"हे कुठलं अक्षर रे?" तिने विचारलं. "आईच्या तोंडून ऐकून पाठ केलंय मी सगळं. ह्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं." मग पानाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, "साऱ्या गावाला विचारलं. मला तेवढं नाही विचारलं."

मी तिच्या शेजारी बसलो, ते अक्षर सांगितलं आणि पान पुढच्या शब्दावर सरकवलं. "हं, वाच" म्हणायला गेलो, पण ते न म्हणता तिचं बोट धरून भोकावर ठेवलं.