लासुर्ण्याच्या मणेरणीनं बघितलेली तीन घरं

लासुर्ण्यात खतिजाभाभीला बायका तोंडावरून कमी आणि हातावरून जास्त ओळखतात. डोळे मिटून मनगट पुढं केलं तरी सांगतील, ही खतिजाभाभीच. अंगठ्याच्या मुळाशी ती असा काही दाब देते की बोटांचे सांधे आपले आपण मिटून येतात आणि काचेची बांगडी कधी आत गेली ते कळतसुद्धा नाही. चाळीस वर्षं हेच बांगड्या भरायचं काम, मणेरणीचं. सोमवारी वरची आळी, मंगळवारी खालची, गुरुवारी वालचंदनगरची क्वार्टरं. कुणाचा हात दोन चारच्या मापाचा, कुणाचा दोन सहाच्या, कोण बाळंतपणानंतर दोन आठवर गेली आणि अजून दोन सहाचाच हट्ट धरते, सगळं तिच्या डोक्यात. बांगडी फुटली असं ती चुकूनही म्हणत नाही, वाढवली म्हणते. दोन्ही हात भरले की वर एक बिनपैशाची चढवते. मग ती बाई वाकून पाया पडते, मोठ्या घरची सून असो नाहीतर उसाच्या फडावरची. "सुखी ऱ्हा बाई," म्हणायचं आणि पेटी उचलून पुढच्या दाराला जायचं.

मालक जाऊन बारा वर्षं झाली. घरात मुलगा वाजिद, सून आसिया आणि चार वर्षांची सबिना. वाजिद बारामतीच्या एमआयडीसीत मशीनवर कामाला. रोज मोटारसायकलीनं जायचं, मोटारसायकलीनं यायचं. कारखाने सुरू असले की त्या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. त्यातल्या एका ट्रॉलीला मागं ना दिवा ना लाल पट्टी. वाजिद तिच्यावर आदळला. गळपट्टीचं हाड मोडलं, तेवढ्यावर निभावलं. दीड महिना तो घरात बसून होता आणि खतिजाभाभी त्याच्या तोंडाकडं बघत.

आसिया म्हणाली, बारामतीलाच राहायला जाऊ. वाजिद म्हणाला, "अम्मी आली तर. तिला एकटीला हितं टाकून मी जाणार न्हाय."

झालं. सगळी गोष्ट येऊन पडली म्हातारीच्या डोक्यावर. ती नको म्हणाली तर लेक परत त्या रस्त्यावर. ती हो म्हणाली तर चाळीस वर्षांचे हात सुटले. बारामतीत तिच्या हाताला कोण ओळखतंय?

दोन दिवस ती तोंड पाडून पेटी पुसत बसली. आसियानं भाकरी थापता थापता छेडलं, "अम्मी, दात उपटायला न्यायलेत असं त्वांड करू नका. बघून तर येऊ."

"बघायला येते," खतिजाभाभी म्हणाली. "पर घर मी ठरवनार. आन घर न्हाय पटलं तर मी हितंच."

पहिलं घर भिगवण रोडच्या बाजूला. सूरज नावाचा एजंट होता, कानाला फोन चिकटलेला. सात मजली इमारत, खाली फरशी अशी की पदर सावरताना स्वतःचं तोंड दिसावं. खतिजाभाभी लिफ्टपाशी उभी राहिली. तो डबा काही लवकर खाली येईना. शेजारी एक बाई पिशवी घेऊन उभी, चांगल्या घरची, हातात काचेच्या सहा-सहा बांगड्या. त्या मनगटात रुतलेल्या, कातडी लाल झालेली. खतिजाभाभीला राहवलं नाही. सवयच ती. तिनं सरळ त्या बाईचा हात धरला आणि अंगठ्याच्या मुळाशी दाबला.

बाई किंचाळली. पिशवीतले टोमॅटो लिफ्टच्या दारात. रखवालदार धावत आला. "आजी, काय पायजे तुमाला?" आता काय पायजे सांगणार? वाजिद टोमॅटो गोळा करत "सॉरी मॅडम, सॉरी मॅडम" करत राहिला. तेवढ्यात सूरज फोन खाली घेत म्हणाला, "दादा, सॉरी हां. मालक म्हणतायत, फ्लॅट कालच गेला."

रिक्षात खतिजाभाभी म्हणाली, "माझ्या हातानं गेलं रं घर तुझं."

वाजिद शर्टावरचा टोमॅटोचा डाग खरवडत होता. आसिया मात्र स्पष्ट बोलणारी. "अम्मी, तुमचा काय संबंध? तुमी हात धरायच्या आधीच त्या एजंटानं यांचं पूर्ण नाव विचारलं, मग मालकाला फोन लावला. घर तवाच गेलं."

 साठ वर्षांत खतिजाभाभीला हे नवं नव्हतं, पण दर वेळी नवंच वाटायचं. नगरपालिकेचा चौक मागं गेल्यावर ती म्हणाली, "हात दोन सहाचा हाय त्या बाईचा. दोन चारच्या घातल्यात. कुनी घातल्या कुनास ठावं." तेव्हा कुठं वाजिद हसला.

दुसरं घर कसब्यात, वाजिदच्या वडिलांचे चुलतभाऊ इमामभाई यांच्या घराला लागून. तिथं नाव विचारायचा प्रश्नच नव्हता. इमामभाईच्या बायकोनं आल्या आल्या मटणाचा रस्सा वाढला, सबिनाला कडेवर घेतलं, खतिजाभाभीच्या पाठीशी लोड ठेवला. "भाभी, लई राबलात. आता हितं यायचं आन नुसतं बसायचं. बांगड्यांची चार दुकानं हायेत आपल्याच मान्सांची. तुमाला आता पेटी उचलायचं काय नडलंय?"

वाजिदला जागा एकदम पसंत. पाणी चोवीस तास, मशीद जवळ, शाळा जवळ. बाहेर पडल्यावर त्यानं विचारलं, "मग अम्मी?"

"घर चांगलं हाय. मान्सं त्याच्याहून चांगली. म्हनून नको."

"म्हंजी?"

"अरं, इतक्या मायेत मी महिनाभरात मरंन. लोडाला टेकून."

वाजिदनं कपाळावर हात मारला. "एका ठिकानी आपन त्यास्नी नको, एका ठिकानी ते तुला नकोत. जायचं कुठं?" तो चिडला होता, आणि चुकीचं बोलत नव्हता. सोमवारपासून त्याला कामावर हजर व्हायचं होतं. खतिजाभाभीला आपलीच लाज वाटली. लेकराच्या हाडापेक्षा आपला हट्ट मोठा झाला की काय? तिनं मनाशी ठरवलं, आता तिसरं घर कसंही असो, हो म्हणून टाकायचं.

तिसरं घर जळोचीला. रंगूबाई नावाच्या बाईनं आपल्या भाजीच्या रानाच्या कडेला दहा खोल्या बांधलेल्या, बहुतेक भाड्यानं दिलेल्या. एमआयडीसी तिथून मोटारसायकलीवर दहा मिनिटं. रंगूबाई ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "नाव?"

वाजिद सांगायला घाबरत होता. खतिजाभाभीच पुढं झाली. "खतिजा. लासुर्ण्याची मणेरीण."

"मणेरीण व्हय? बसा की मग. पानी एक दिसाआड येतंय, आधीच सांगते. उन्हाळ्यात दोन दिसाआड. मागनं बोंबलायचं न्हाय."

खोटं बोलत नाही, म्हणजे अर्धं घर पसंत. खतिजाभाभी ओट्यावर टेकली. "हितं बायका किती?"

"आठ खोल्यांत सतरा. समद्या कंपनीत."

"बांगड्या घालत्यात?"

रंगूबाई हसली. "कंपनीच्या दारात काढाय लावत्यात बाई. काचंच्या बांगडीचं तर नावच नको, मालात पडली म्हंजी? समद्यांचे हात भुंडे."

"आयतवारी तरी?"

"आयतवारी धुनं असतंय."

म्हणजे इथं खतिजाभाभीच्या पेटीला कामच नाही. वाजिद आसियाकडं बघायला लागला. पण हो म्हणायचं तर ठरलेलंच होतं. खतिजाभाभी तोंड उघडणार, एवढ्यात रस्त्यावर कंपनीची गाडी थांबली आणि पहिल्या पाळीच्या बायका उतरल्या. हिंगोलीकडच्या, उस्मानाबादकडच्या, एक तर पार बिहारची. डबे हातात, केसांत कंपनीच्या टोपीची खूण. मनगटं कोरी.

त्यातली एक पाचव्या-सहाव्या महिन्याची. ती ओट्यापाशी थांबून उगाचच मनगट चोळत होती. खतिजाभाभीचा हात पदराबाहेर आला. मग तिला लिफ्ट आठवली आणि तिनं तो मागं घेतला.

"बाई, हात बघू का?" तिनं विचारलं.

"कशाला आजी? भविष्य सांगता व्हय?"

"न्हाय. माप सांगते."

पोरगी हसली आणि हात पुढं केला. खतिजाभाभीनं डोळे मिटून दाबला. "दोन चार. पर आता सूज हाय, दोन सहाच्या लागतील." मागची म्हणाली, माझा बघा. तिच्या मागची म्हणाली, आधी माझा. बिहारच्या पोरीला भाषा कळेना, पण हात तिनंही पुढं केला. कुणी काही विकत घेतलं नाही. घ्यायला पेटी कुठं होती? तरी बायका पाऊण तास तिथंच. ती गरोदर पोरगी मात्र जाताना हळूच म्हणाली, "सातव्या महिन्यात हिरव्या भरत्यात आमच्याकडं. हितं माझं कुनीच न्हाय. मी रजा टाकीन दोन दिस, तुमी भराल?"

खतिजाभाभी उठली आणि तिनं रिकामी खोली बघितली. मागच्या बाजूची, दार रानाकडं. आत सगळं ठीक होतं. ती बाहेर येऊन म्हणाली, "ही नको. ती कोपऱ्यातली द्या, रस्त्याकडंची, गाडी थांबती तिथली."

"ती भाड्याची न्हाय," रंगूबाई म्हणाली. "त्यात कांदा भरलाय माझा."

"कांदा मागच्या खोलीत टाका."

"कांद्याला वारं लागतंय!"

"मलाबी लागतंय."

वाजिद म्हणाला, "अम्मी, अगं मिळतीय ती घेऊ या की." दोघीही त्याच्याकडं बघायला तयार नव्हत्या. रंगूबाईनं मेथीची जुडी खाली ठेवली. खतिजाभाभीला तिनं वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अर्धा कांदा तुमच्या खाटंखाली ऱ्हाईल. चालंल?"

"वास येईल."

"येनारच."

"चालंल," खतिजाभाभी म्हणाली आणि पदर खोचला. "चला, आत्ताच सरकवू. वाजिद, तू हात लावू नको, तुजं हाड अजून कच्चं हाय. आसिया, धर गं त्या पोत्याचं टोक."