भोंग्यामागे स्वतः उभे राहणारे करीमचाचा

टँकर आला नाही, त्या दुपारी माझं सगळं बदललं. दुष्काळाचं वर्ष. लातूरचं कॉलेज अर्ध्यात सोडून मी अहमदपुरात रेकॉर्डिंगचं दुकान टाकलं होतं. रिक्षातून भोंग्यावर गावभर पुकारा करणाऱ्या करीमचाचांचा आवाज मीच पहिल्यांदा कॉम्प्युटरवर घेतला. "टँकर चार वाजता येईल," एवढं एकदाच बोलायचं. मग रिक्षा फिरणार, चाचा घरी बसणार.

टँकर आलाच नाही. रिक्षा मात्र "येईल, येईल" करत फिरूनच राहिली. बायकांनी रिकाम्या घागरी आडव्या लावून ती अडवली. तेवढ्यात चाचा चालत आले.

"चाचा, तुम्ही कशाला आलात? बोललं ते मशीन," मी म्हणालो.

"आवाज माझा हाय ना? मग शिव्या काय मशीन खाईल?"

उन्हात उभे राहून त्यांनी एकेकीचं ऐकून घेतलं. त्यानंतर पाण्याचा पुकारा त्यांनी कधीही रेकॉर्डिंगवर सोडला नाही. लातूर वेगळा जिल्हा झाला, हे आमच्या वडिलांनी याच आवाजात ऐकलं होतं. चाचांनी सांगितलं म्हणजे झालंच, असं वडील अजून म्हणतात.

माझं डोकं मुळात तापट, त्यात तेव्हा प्रेमानं पार कामातून गेलेलं. एका मुलीचं नाव माझ्यासाठी भोंग्यावर पुकारा, असं मी चाचांना म्हणालो.

"तिला विचारलंस?"

"न्हाई."

"मग आधी तिला सांग, तुझ्या तोंडानं. मी दुसऱ्याचं प्रेम पुकारत न्हाई."

गेलो, नकार घेऊन आलो. चाचांनी चहा पाजला. काय झालं, एका शब्दानं विचारलं नाही.

यंदा त्यांना पंचाहत्तरावं लागलं. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज फाटला आहे. आता जुन्या रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटर त्यांचा तरुण आवाज काढतो, त्यांनी कधी न उच्चारलेली वाक्यंही बोलतो. त्यांच्या पंचाहत्तरीच्या सत्कार समितीनं त्या आवाजात आभाराचं भाषण मागितलं. मी ते तयार केलं आणि आज चाचांना ऐकवलं. चाचांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"लई गोड बोलला," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पण बेटा, कुणी त्याला उलट विचारलं तर?"

मी भाषण पुसून टाकलं. फाटक्या आवाजात का होईना, चाचा स्वतःच बोलणार असं ठरलं.

चाचांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. ज्याला उलट विचारता येतं, असा त्यांचा फाटका आवाज आम्हाला कायम जवळ मिळो. समितीची मंडळी बाहेर भाषणाची वाट बघून राहिलीत. सत्काराला चाचा स्वतः बोलणार, हे त्यांना मलाच सांगायचं आहे, माझ्या तोंडानं. मशीन बंद केलं. निघतो, दार लावून घेतो.